सकाळी वचन, संध्याकाळी वचावचा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नगर जिल्ह्यातल्या एका भगिनीने लिहिले आहे. वय 46, शाळेत शिक्षिका. घरी यजमान, दहावीतला मुलगा आणि 78 वर्षांच्या सासूबाई. पहाटे पाचला उठून त्या बायबल वाचतात आणि वर्षभरात संपूर्ण बायबल पुरे करायचा तक्ता पाळतात. मंडळीच्या महिला मंडळाच्या त्या सचिव आहेत आणि पुढच्या महिन्यात 'आत्म्याचे फळ' या विषयावर त्यांनाच बोलायचे आहे. पण संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाई एकच प्रश्न दहा वेळा विचारतात, आणि यांचा आवाज चढतो. मुलगा परवा म्हणाला, "आईचं सकाळी वचन, संध्याकाळी वचावचा." मुंबईची नणंद रोज सकाळी वडीलधाऱ्यांच्या मानाबद्दलची वचने फोनवर पाठवते. ताई विचारतात: "पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, असं याकोब सांगतो. मग मी कोणत्या तोंडाने बोलू? राजीनामा द्यावा का? इतकी वर्षं वाचूनही स्वभाव तसाच, म्हणजे माझा विश्वासच खोटा आहे का?"

प्रिय ताई, सलाम.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले पहिले वचन तुम्ही लिहिलेत आणि तिथेच थांबलात. त्याला लागून असलेले दुसरे वचनही वाचा. शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल असे बजावून याकोब लगेच म्हणतो, की आपण सगळेच पुष्कळ बाबतींत चुकतो. शिकवणाऱ्यांत तो स्वतःला धरतो आणि चुकणाऱ्यांतही धरतो. पुढचा जवळजवळ अख्खा अध्याय जिभेवर आहे, म्हणजे तुमचे दुखणे त्याच्या ओळखीचे होते. राजीनाम्याचे पुढे बघू, पण त्याला या वचनाचा आधार देता येणार नाही.

आता तुमच्या वाचनाकडे येते. भरपूर वाचले की स्वभाव आपोआप बदलेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. आपल्या बायबलमध्ये 66 पुस्तके आणि 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन ते चार अध्याय होतात. शाळेची गडबड असलेल्या घरात त्याला पहाटेचा अर्धा तास मिळतो, आणि त्यातला निम्मा वेळ मागे पडलेले भरून काढण्यात जातो. लेवीय आणि गणना या पुस्तकांपाशी बहुतेकांचा तक्ता कोलमडतो. असे वाचन वाईट नाही. संपूर्ण शास्त्राची ओळख त्यानेच होते. पण ते वाचन आहे, मनन नाही. पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष रात्रंदिवस मनन करतो, आणि तिथे त्याने किती अध्याय वाचले याचा हिशेब दिलेला नाही. वचन ऐकून त्याप्रमाणे न करणारा माणूस आरशात तोंड पाहून निघून जातो आणि आपण कसे होतो ते लगेच विसरतो, असे याकोबच म्हणतो. चार अध्यायांच्या वेगात दुसरे काय होणार? तक्ता सोडू नका, फक्त चार आठवडे बाजूला ठेवा. अगदीच चुकल्यासारखे वाटले तर पोळ्या लाटताना त्या दिवसाचे अध्याय फोनवर ऐका.

याच्या अगदी उलट चूकही असते: रोज एक सुटे वचन, फुलांच्या चित्रावर छापलेले. फिलिप्पैकरांस पत्रातले 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे' हे वचन परीक्षेच्या दिवसांत किती स्टेटसवर झळकते! त्याच्या आधीच्या दोन वचनांत पौल विपन्नावस्था आणि संपन्नता, भूक आणि तृप्ती, दोन्हींत समाधानी राहायला आपण शिकलो, असे सांगतो. तिथे विषय पहिल्या नंबराचा नसून उपाशी पोटीही न खचण्याचा आहे. पौलाने पत्रे लिहिली तेव्हा त्यांत आकडे नव्हते. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि नव्या कराराला आजचे वचनांक मिळाले ते 1551 मध्ये. ते वचन सापडावे म्हणून आहेत. त्या रेषेवर विचार थांबवण्याचे कारण नाही.

तुमच्या विषयाचेही तसेच झाले आहे. 'आत्म्याचे फळ' म्हटले की आपण गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली 22 आणि 23 ही दोन वचने उचलतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची यादी. मग बोर्डावर नऊ फळांचे झाड काढतो. तुम्ही 5:13 पासून 6:10 पर्यंत वाचा. एकूण 24 वचने, मोठ्याने सावकाश वाचली तरी चार-पाच मिनिटे. पंधराव्या वचनात पौल त्या मंडळीला बजावतो, की एकमेकांना चावाल आणि खाऊन टाकाल तर एकमेकांचा संहार कराल, सांभाळा. देहाच्या कर्मांच्या यादीत जारकर्म आणि मूर्तिपूजा आहे हे सगळ्यांना पाठ असते. त्याच यादीत वैर, कलह, मत्सर, राग आणि तट आहेत, हे मात्र पटकन आठवत नाही. म्हणजे ही सुंदर यादी भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेली आहे. ज्यांचे आवाज चढत नव्हते त्यांना सहनशीलतेचे पत्र कशाला धाडले असते?

हाच उतारा चार आठवडे धरा. दर रविवारी संध्याकाळी पूर्ण 24 वचने मोठ्याने वाचा. सोमवार ते शनिवार त्याचे सहा भाग: 5:13-15, 16-18, 19-21, 22-26, 6:1-5 आणि 6:6-10. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल. येऊ द्या. ओळखीच्या शब्दांखाली आपण आजवर काय चुकवत होतो, ते साधारण तेव्हाच दिसू लागते.

सकाळची दहा मिनिटे पुरतात. पहिले मिनिट-दोन मिनिटे गप्प बसा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर नणंदेचे वचन आधी पोहोचते. मग त्या दिवसाचा भाग दोनदा मोठ्याने वाचा. वहीत फक्त दोन ओळी लिहा. पहिली ओळ: हे लिहिताना पौलाला समोर काय दिसत होते? दुसरी ओळ: आज कोणापाशी, किती वाजता, मी काय करीन? शेवटी त्याच ओळीची एका वाक्यात प्रार्थना करून उठा. सगळी गोम दुसऱ्या ओळीत आहे. 'आज मी सहनशील राहीन' असे लिहिले तर ते संध्याकाळी तपासताच येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते आठवतही नाही. 'घरात शांती नांदो' असे लिहिले तर काम दुसऱ्यांवर ढकलले जाते. कृती स्वतःच्या हातातली, एका मिनिटात होणारी आणि प्रसंगाला बांधलेली हवी. उदाहरणार्थ: 'आईंनी तिसऱ्यांदा विचारलं, की स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर देणार नाही. गॅस बारीक करून त्यांच्याजवळ जाईन, खांद्यावर हात ठेवीन आणि मग सांगेन.' आवाज चढतो तो बहुतेक वेळा अंतरामुळे. जवळ गेलेल्या माणसाला ओरडणे अवघड जाते.

नऊ गुणांवर एकदम काम काढू नका. तुमच्या पत्रावरून तरी सहनशीलता आणि सौम्यता एवढ्या दोनच जागा दिसतात, आणि त्यातही वेळ ठरलेली आहे, माणूस ठरलेला आहे. ही बातमी चांगली आहे. तुमचा 'स्वभाव' वाईट नाही. तुमचे संध्याकाळचे सहा ते आठ वाईट जातात.

तपासणीसाठी कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली एक पद्धत आपल्या प्रोटेस्टंट घरांतही बिनदिक्कत वापरावी. एका वेळी एकच दोष निवडायचा आणि सकाळी उठताच त्याची आठवण करायची. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर मागे वळून बघायचे. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या, वरच्या रेघेवर सकाळचे ठिपके आणि खालच्या रेघेवर दुपारनंतरचे, जितक्या वेळा पाय घसरला तितके. घसरल्याक्षणी छातीला हात लावायचा, चारचौघांतही कोणाला कळत नाही. मग रेघेशी रेघ, दिवसाशी दिवस आणि आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात आणि माणूस घाबरून वही बंद करतो. राग वाढलेला नसतो, लक्ष वाढलेले असते. दुसरे म्हणजे रात्रीची पाच मिनिटे कोर्ट होऊन बसतात. म्हणून सुरुवात आभाराने करा: आज कुठे जमले ते आधी, ठिपके नंतर. ठिपके मोजून झाल्यावर त्यांवर निबंध लिहायचा नाही. क्षमा मागायची, उद्याची ओळ ठरवायची आणि झोपायचे.

आता त्या सहा ते आठबद्दल, कारण या भागाला वचनापेक्षा आधी भाकर लागते. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया थकून झुडुपाखाली पडला आणि 'आता पुरे' म्हणाला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खाऊ घातले. 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर आला. तुम्ही शाळेतून येता, पर्स ठेवता आणि थेट ओट्यापाशी उभ्या राहता. दुपारी डबा किती वाजता खाल्ला होता? घरी आल्यावर पंधरा मिनिटे बसून काहीतरी खा आणि मगच कुकर लावा. बसताना स्तोत्र 141 मधले तिसरे वचन मनात म्हणा: परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव. लहान आहे, एका श्वासात मावते. लांबलचक वचन रागाच्या वेळी आठवत नाही.

आणि सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या. वारंवार तोच प्रश्न, आणि तोही जास्त करून संध्याकाळी, हा हट्ट नसावा. स्मृतिभ्रंशाच्या आजारात दिवस मावळताना गोंधळ आणि अस्वस्थता वाढते, हे डॉक्टर नेहमी पाहतात. म्हणजे तुमची ताकद संपते नेमकी त्याच वेळी त्यांची भीती वाढते. विसरण्यामागे बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा चालू असलेली एखादी गोळीही असू शकते आणि यांवर उपचार होतो. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या, ऐकू नीट येते का तेही तपासा. घरी एक पाटी टांगा: आज वार कोणता, नातू क्लासहून किती वाजता येणार, जेवण किती वाजता. अंधार पडण्याआधी दिवे लावा. 'आत्ताच तर सांगितलं' हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्यांना ते आठवत नाही, फक्त आपण काहीतरी चुकलो एवढे कळते. आवाज चढणे आणि हात उठणे यांत फरक आहे. कधी त्यांना जोरात ओढावेसे वाटले, तर त्याच क्षणी दुसऱ्या कोणाला त्यांच्याजवळ बसवून बाहेर अंगणात जा.

राग आला हेच पाप, अशी तुमची समजूत पत्रभर जाणवते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात सभास्थानात येशूने सभोवार रागाने पाहिले, असे स्पष्ट लिहिले आहे. इफिसकरांस पत्रात रागावा पण पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, असे सांगितले आहे. ती मुदत क्षमा मागण्यासाठी वापरा. क्षमा त्याच दिवशी, दोन वाक्यांत आणि 'पण' न लावता मागायची. 'मी ओरडले, चुकलं माझं.' 'पण तूही बघ ना' हे जोडले, की ती क्षमा राहत नाही, तक्रार होते. सासूबाईंना शब्द आठवणार नाहीत. त्यांच्याजवळ बसून चहा घ्या. मुलासमोर ओरडलात तर मुलासमोरच चूक कबूल करा.

मुलाच्या टोमण्याने तुम्ही फार दुखावल्या आहात. मला मात्र तो पोरगा आवडला. त्याला वचन आणि वागणे यांतले अंतर दिसते, म्हणजे त्याने वचन ऐकलेले आहे. त्याला इफिसकरांस पत्रातले आईबापांचे आज्ञापालन ऐकवू नका. उलट चार आठवडे एक पथ्य पाळा: घरात कोणालाही वचन म्हणून दाखवायचे नाही आणि स्टेटसवरही ठेवायचे नाही. वचन दुसऱ्यावर उगारले, की ते आपल्यावर काम करायचे थांबते. पाठ करायला मोकळीक आहे. आपल्याकडे ना. वा. टिळकांपासून वचन अभंगात बांधून गाण्याची परंपरा आहे. चालीवर म्हटलेले लक्षात राहते आणि कोणाला बोचतही नाही.

वसईकडच्या कॅथलिक वाचकांना हे सगळे त्या दिवशीच्या मिस्सातल्या शुभवर्तमानावर करता येईल. उतारा रोज बदलला तरी दुसरी ओळ आणि दोष महिनाभर एकच ठेवा. घरात मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या कोणी हे वाचत असतील, तर सहनशीलतेचे हे पान तुमच्यासाठी नाही. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत.

राजीनामा द्यायचा का? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. सगळेच सोडले, तर थोडे दिवस हलके वाटेल, पण ते स्वतःला दिलेले शासन असेल आणि त्याने सासूबाईंचा एकही प्रश्न कमी होणार नाही. सगळेच धरून ठेवले, तर सभेच्या नोंदी, वर्गणी आणि फोन यांत संध्याकाळ जाईल. आईवडिलांना द्यायचे ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना मार्काच्या सातव्या अध्यायात येशू काय म्हणाला, ते एकदा वाचा. मला तिसरी वाट बरी वाटते. सचिवपणाचे काम सहा महिने दुसऱ्या भगिनीकडे द्या. पाळकसाहेबांना कारण सरळ सांगा: घरी आजारपण आहे. विषय मात्र तुम्हीच मांडा.

मांडताना झाड काढू नका. 24 वचने वाचा आणि 5:15 या वचनावर थांबा. तीन मिनिटे शांतता ठेवा, प्रत्येकीला कागदावर ती दुसरी ओळ लिहू द्या: कोणापाशी, किती वाजता, काय. वाचून दाखवायची सक्ती नको. स्वतःबद्दल 'माझाही आवाज चढतो, मीही शिकते आहे' एवढे पुरे. साक्ष रंगात आली, की सासूबाईंचे विसरणे मंडळीभर होते, आणि त्याला त्यांची परवानगी नाही.

राहिली एक गोष्ट. दोन पानी पत्रात तुमच्या यजमानांचा उल्लेख एकदाच आहे: 'हे स्वभावाने शांत आहेत.' संध्याकाळी सहा ते आठ ते कुठे असतात? शांत राहणे त्यांचा गुण असेल, किंवा ओट्यापाशी उभे नसल्याचा फायदाही असेल. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आईबापांचे उपकार फेडायला सांगितले आहे ते मुलांना आणि नातवंडांना. त्या वाक्यात सुनेचे नावही नाही. गलतीकरांस पत्रात 6:2 मध्ये एकमेकांची ओझी वाहा असे आहे, आणि तीनच वचने पुढे प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे आहे. आजारपण हे पहिल्या प्रकारचे ओझे. एका माणसाने ते एकट्याने उचलायचे, असे पौल कुठेही म्हणत नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी सहा ते आठ आईजवळ बसायचे काम यजमानांचे, आणि मुलाने रोज वीस मिनिटे आजीला जुने फोटो दाखवायचे, एवढे तरी ठरवून घ्या.

नणंदबाईंशी बोलायचे तर तेही यजमानांनी बोलावे, बहीण त्यांची आहे. उघड्या माणसाला ऊब घे, तृप्त हो एवढेच म्हणून पाठवणाऱ्याबद्दल याकोब दुसऱ्या अध्यायात बोलला आहे. ते वचन मात्र त्यांना पाठवू नका, मोह होईल. 'थोडी मदत कर' असेही नको, त्याला कोणीही हो म्हणते आणि होत काहीच नाही. फोन रविवारी दुपारी करावा, आणि मागणी मोजून करावी: महिन्यातला एक शनिवार-रविवार तिने नगरला यावे, मे महिन्यात तीन आठवडे आईला मुंबईला न्यावे, आणि यातले काहीच जमत नसेल तर संध्याकाळी येणाऱ्या बाईचा निम्मा पगार द्यावा. तिन्हींतले एक निवडायला तिला आठवडा द्या आणि तारखा वहीत लिहून घ्या.